कार्यशाळा की विभागातली खुर्ची? वैद्यकीय ग्रंथपालांना ईबीएम शिकवताना

डीन ऑफिसातून एका ओळीचं पत्र येतं: ग्रंथालयातल्या मंडळींना एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनचं (ईबीएम, म्हणजे संशोधनातला पुरावा बघून उपचार ठरवण्याचं) प्रशिक्षण द्यावं. पत्र सोपं, पुढचं अवघड. धनकवडीपासून पिंपरीपर्यंत आणि नऱ्ह्यापासून लवळ्यापर्यंत पुण्यात जी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या ग्रंथपालापुढे व्यवहारात दोनच वाटा असतात. एक, दोन दिवसांची कार्यशाळा. बाहेर जाऊन किंवा तज्ज्ञ बोलावून. दुसरी, ग्रंथपालाला आठवड्यातून एकदा एखाद्या क्लिनिकल विभागात नेऊन बसवायचं आणि तिथे उठणाऱ्या प्रश्नांवर शिकू द्यायचं. मी दुसरी निवडली. पहिली वाईट आहे असं मात्र म्हणायचं नाही. काही ग्रंथालयांना तीच योग्य, आणि ती कोणती ते पुढे येईल.

पिको (प्रश्नाचे रुग्ण, उपचार, तुलना आणि परिणाम हे चार भाग) म्हणजे काय, ईबीएमच्या पाच पायऱ्या कोणत्या, पुराव्याच्या पिरॅमिडच्या टोकावर काय बसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मेशचं, म्हणजे वैद्यकीय विषयशब्दांच्या ठरलेल्या यादीचं, झाड उघडता येतं हेही धरतो. येत नसेल तर आधी एक आठवडा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या मोफत ऑनलाइन पाठांवर घालवा. पाठ छोटे आहेत आणि मेशपुरते पुरतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनसारख्या संस्थांचे मोठे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत, पण त्यांना मी इथे तिसरा पर्याय म्हणून घेत नाही. ते पुस्तकासारखे वापरावेत. अडलं की उघडायचे.

कार्यशाळेची जमेची बाजू

रोज सहा तास धरले तर दोन दिवसांत बारा तास होतात, आणि तेवढ्यात सगळ्या विषयाचा नकाशा डोळ्यासमोर येतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वळणाची छोट्या गटांची पद्धत जिथे पाळतात, म्हणजे सहा-आठ जणांमागे एक शिकवणारा, तिथे पहिल्या संध्याकाळपर्यंत माणूस कंसांसकट शोधवाक्य लिहायला लागतो. पबमेड (वैद्यकीय लेखांचा मोफत शोध) डावीकडून उजवीकडे वाचत जातं, म्हणून ऑरने जोडलेले शब्द कंसात नसतील तर पुढचा अँड भलत्याच ठिकाणी लागतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, शेजारी बसून कुणी चुकवून दाखवली की राहते.

पेपरची चिकित्साही कार्यशाळेत जास्त नीट होते. कॅस्पच्या तपासयाद्या मोफत मिळतात. एक यादृच्छिक चाचणी, एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासणारा) आणि एक निदानचाचणीचा अभ्यास, असे तीन पेपर गटात सोडवले की ग्रंथपालाला लागतं तेवढं होतं. आकड्यांची भीती जायलाही गट बरा. त्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याचं कारण नाही: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांची विंचूदंशावरची चाचणी २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. ७० रुग्ण, एका गटाला नुसतं प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविष मिळालेल्या गटात ९१.४ टक्के, नुसत्या प्राझोसिनच्या गटात २२.९ टक्के. फरक ६८.५, शंभरला त्याने भागलं की १.४६ येतं, वर पूर्णांकात घ्यायचं म्हणजे एनएनटी (एक जास्तीचा रुग्ण बरा व्हायला किती जणांना उपचार द्यावे लागतात तो आकडा) २. आकडा बघून सगळे खूश होतात, आणि तेव्हाच पुढचा प्रश्न टाकायचा: चाचणी ओपन-लेबल होती, कुणाला काय दिलं ते उपचार करणाऱ्याला दिसत होतं, मग ‘बरा झाला’ हे कुणी आणि कशावरून ठरवलं? या एका पेपरवर तासभर सहज जातो आणि तो वाया जात नाही.

कार्यशाळेचा आणखी एक फायदा पत्रकावर छापत नाहीत. दुसऱ्या महाविद्यालयातल्या चार ग्रंथपालांची ओळख होते. सहा महिन्यांनी एखादा पेपर मिळेना, किंवा मेशमधला शब्द बदललेला दिसला, की फोन त्यांनाच जातो.

खर्चाचं फार बोलण्यासारखं नाही. शुल्क, जाणं-येणं, दोन दिवस काउंटरवर कमी माणसं. परवडतं.

अडलं कुठे

माझं अडलं ते एकाच गोष्टीवर. कार्यशाळेतला प्रश्न उत्तरावरून बेतलेला असतो.

शिकवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर कारण साधं आहे. त्याच्याकडे एका सरावाला चाळीस मिनिटं असतात आणि तेवढ्यात पंचवीस जणांना कुठेतरी पोहोचवायचं असतं. म्हणून तो आधी एक चांगला रिव्ह्यू निवडतो, त्यावरून मागे येत रुग्णाची गोष्ट रचतो, आणि ती गोष्ट आपल्या हातात देतो. मुदतीआधी प्रसूती होऊ घातलेली स्त्री, तिला स्टेरॉइड द्यावं का, हा अशा सरावातला अगदी आवडता प्रश्न. उत्तर इतकं स्वच्छ की कॉक्रेनच्या बोधचिन्हात जो आलेख आहे तो याच विषयावरच्या चाचण्यांचा. असा प्रश्न हातात आला की शोध चुकणं कठीण. गोष्टीतले शब्द पेपरातलेच असतात. पिकोचे चारही रकाने भरलेले मिळतात. ‘शोधा’ म्हटलं की पहिल्या पानावर रिव्ह्यू हजर. सगळे टाळ्या वाजवतात आणि चहाला जातात.

आता काउंटरवर काय होतं ते बघा. मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, हातात मोबाइल, पाय दाराकडे वळलेले: ‘मॅडम, स्नेक बाइटमध्ये एएसव्ही किती द्यायचं, त्यावर लेटेस्ट काहीतरी काढून ठेवा ना. संध्याकाळी येतो.’

एएसव्ही म्हणजे अँटी-स्नेक व्हेनम, सापाच्या विषावरचं प्रतिविष. या मागणीत पिको नाही. ‘किती’ म्हणजे सुरुवातीची मात्रा, की पुन्हा द्यायची मात्रा, की एकूण वायल्स (औषधाच्या कुप्या)? आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच. म्हणून डॉक्टरच्या बोलण्यात सापाची जात येतच नाही. पण घोणस आणि फुरशाचं विष मुख्यतः रक्त गोठण्यावर जातं, नाग-मण्याराचं मज्जासंस्थेवर, आणि अभ्यास त्याप्रमाणे वेगळे झालेले असतात. परिणाम कोणता मोजायचा? मृत्यू, डायलिसिस लागणं, वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल, की वाचलेल्या वायल्स? तो ‘लेटेस्ट’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात एक विशिष्ट वाद असतो, सकाळी राउंडला सरांशी झालेला: कमी मात्रा की जास्त मात्रा. तो वाद त्याच्या तोंडून काढणं हेच ग्रंथपालाचं पहिलं काम, आणि कार्यशाळेत हे काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

पुढे शब्दांची अडचण. रेसिडेंट ‘एएसव्ही’ म्हणतो. ही तीन अक्षरं पबमेडमध्ये टाकली तर झोपेतल्या श्वासविकारांसाठीचं अडॅप्टिव्ह सर्व्हो-व्हेंटिलेशन येतं, जंतूंच्या जनुकक्रमांचे अँप्लिकॉन सिक्वेन्स व्हेरिअंट येतात, आणि साप मधेच कुठेतरी. मेशमधला शब्द ‘अँटिव्हेनिन्स’. जगभरचे लेखक ‘अँटिव्हेनम’ लिहितात, आपले लेखक ‘अँटी-स्नेक व्हेनम’. ‘अँटिव्हेन’वर तारांकित छाट दिली, म्हणजे शब्द तिथे तोडून पुढे * लावलं, की पहिले दोन सापडतात, तिसरा सुटतो, म्हणजे भारतातले पेपर सुटतात, आणि आपल्याला हवे असतात ते तेच. म्हणून तिसरा शब्द जोडरेघेसह, जोडरेघेशिवाय आणि एकत्र, असा तीन तऱ्हांनी अवतरणचिन्हात वेगळा घालावा लागतो. तारांकित छाटीला निदान चार अक्षरं लागतात, आणि ती दिली की त्या शब्दापुरतं पबमेडचं आपोआप मेशमध्ये नेणं बंद पडतं. मेशचा शब्द मग हाताने घालावा लागतो. ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगचंही तेच. छाट दिलेला ‘हेमोरेज’ जादा ए असलेल्या ‘हेमोरेज’ला ओळखत नाही.

‘लो डोस’ हा शब्दप्रयोग लेखक दहा प्रकारे लिहितात. २०२२ पासून पबमेडमध्ये शीर्षक आणि सारांशात जवळपासचे शब्द शोधता येतात, तीन शब्दांच्या अंतरात वगैरे, पण तिथे तारांकित छाट चालत नाही, म्हणून ‘डोस’ आणि ‘डोसेस’ वेगवेगळे लिहायचे. शेवटची चूक हमखास होते ती ‘ह्यूमन्स’ गाळणीची. ही गाळणी मेश लागलेल्या नोंदींवरच चालते. नुकत्याच आलेल्या, अजून मेश न लागलेल्या नोंदी ती गुपचूप काढून टाकते. रेसिडेंटने ‘लेटेस्ट’ मागितलं आणि आपण नेमकं लेटेस्टच गाळलं.

आणि एवढं सगळं बिनचूक केल्यावरही हाती काय येतं? काही लहान चाचण्या, प्रत्येकीत सापांचं प्रमाण वेगळं, मात्रा वेगळी, मोजलेला परिणाम वेगळा; बाकी निरीक्षणात्मक अभ्यास. बोधचिन्हावर छापावं असं काही नाही. मग संध्याकाळी अर्ध्या पानावर काय लिहायचं? ‘खात्रीने सांगता येईल इतका पुरावा मिळाला नाही; मिळाला तो असा, आणि त्याच्या उणिवा अशा’ हे वाक्य लिहायला जी हिंमत आणि जो सराव लागतो, तो उत्तर आधीच ठरलेल्या खोलीत होऊ शकत नाही. तिथून आलेला ग्रंथपाल मोकळ्या हाताने परत जायला घाबरतो. मग तो वीस सारांशांची प्रिंट काढून देतो, आणि रेसिडेंट ती गादीखाली ठेवतो.

काही शिकवणारे सहभागींना आपापले प्रश्न घेऊन यायला सांगतात. तिथे माझी तक्रार अर्ध्यावर येते. पूर्ण जात नाही, कारण पंचवीस प्रश्नांतून फळ्यावर जायला निवडले जातात ते दोन-तीन, आणि निवडले जातात ते सुटण्यासारखेच. कुणाचा दोष नाही. बारा तासांत दुसरं होणं अवघड आहे. (दाखवायला आणलेल्या सशुल्क डेटाबेसची लॉगिन्स आठवड्याभरात बंद होतात, ती तक्रार मी धरतच नाही, ती सर्वांना माहीत आहे.)

विभागातली खुर्ची

ही कल्पना नवीन नाही. गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या वैद्यकीय शाळेत ग्रंथपालांना राउंडवर पाठवायला सुरुवात केली, ईबीएम हा शब्द छापून येण्याच्या वीस वर्षं आधी. त्यांचा हेतू डॉक्टरांना सेवा देण्याचा होता. मी तीच खुर्ची ग्रंथपालाच्या शिक्षणासाठी वापरावी म्हणतो.

आखणी अशी. बारा आठवडे, एक विभाग, दोन ग्रंथपाल. दर आठवड्याला एक तास विभागात बसणं, दोन तास शोध, अर्धा तास लिहिणं आणि सांगणं. आठवड्याला साडेतीन तास म्हणजे माणशी बेचाळीस तास. कार्यशाळेच्या साडेतीन पट. वेळेचा हिशेब करून बघणाऱ्याला हा आकडा टोचेल. पण हे तास काउंटरचं काम सोडून जात नाहीत, यातला बराचसा शोध तसाही आपण करतच असतो, फक्त वाईट करत असतो.

विभाग निवडताना एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव बघू नका. जर्नल क्लब (नवे पेपर वाचून चर्चा करायची बैठक) मनापासून चालवणारा असिस्टंट प्रोफेसर किंवा असोसिएट प्रोफेसर कुठे आहे ते बघा. मेडिसिन आणि बालरोग सोयीचे, कारण तिथे चर्चा बसून होते. सर्जरीत मंडळी ऑपरेशन थिएटरात असतात आणि बैठक दोनदा पुढे ढकलली की तिसऱ्यांदा होत नाही. राउंडवर बेडपाशी जाण्याचा आग्रह मी धरत नाही. रुग्णाची गोपनीयता, संसर्ग, गर्दी, सगळीच अडचण. केस प्रेझेंटेशन किंवा सकाळचा रिपोर्ट पुरतो.

ग्रंथपालाने बरोबर न्यायची चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी. वर विचारणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, मराठी-इंग्रजी मिसळलेले असले तरी. खाली चार ओळी: रुग्ण कोण डोळ्यासमोर आहे; दोन गोष्टींत निवड कोणती चालली आहे; काय झालं तर उपचार बदलाल; उत्तर कधी हवं. यातली तिसरी ओळ सर्वांत कामाची. ‘काय मोजायचं’ असं विचारलं तर रेसिडेंट पुस्तकी उत्तर देतो, ‘काय सापडलं तर बदलाल’ असं विचारलं तर थांबतो. त्या थांबण्यात प्रश्न तयार होतो. चिठ्ठीच्या तळाशी एक चौकोन: ‘पुरावा मिळाला नाही’. तो छापलेला असावा, हाताने काढायचा नसावा. छापलेला चौकोन भरायला संकोच वाटत नाही.

पहिल्या चार आठवड्यांत शोध पबमेडपुरता. पुढच्या चारांत कॉक्रेन लायब्ररीतलं सेंट्रल, म्हणजे चाचण्यांच्या नोंदींचा संच. एम्बेस या सशुल्क डेटाबेसचं सदस्यत्व नसेल तर सेंट्रल कामाला येतं, कारण एम्बेसमधल्या चाचण्यांच्या नोंदी त्यात घातलेल्या असतात. शोध आणि सारांश सर्वांना मोफत आहेत. भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २००७ मध्ये देशभरासाठी कॉक्रेन लायब्ररी खुली केली होती. तुमच्या कॅम्पसच्या जोडणीवरून पूर्ण पेपर उघडतो का ते आजच एकदा बघून ठेवा, गृहीत धरू नका. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या नियतकालिकांच्या योजनेचंही तसंच. जानेवारी २०२५ पासून ते शासकीय संस्थांना लागू झालं, खाजगी महाविद्यालयांना त्या पहिल्या टप्प्यात नाही. शेवटच्या चार आठवड्यांत आपल्याकडच्या जागा: जागतिक आरोग्य संघटनेची दक्षिण-पूर्व आशियाची लेखसूची इम्सिअर, शोधगंगेवरचे प्रबंध, आणि सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही. सीटीआरआयमध्ये नोंदणी २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून ती सक्तीची झाली. नोंदलेली पण कधीच न छापलेली चाचणी तिथे दिसते, आणि ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘केलं नाही’ की ‘केलं पण छापलं नाही’ हे कळायला ती जागा कामाची. डेंगीत पपईच्या पानांचा रस हा प्रश्न पावसाळ्यात विभागात येतोच येतो. तो याच चार आठवड्यांसाठी राखून ठेवा. त्यावरच्या चाचण्या बहुतांशी प्लेटलेटचा आकडा मोजतात. रक्तस्राव किंवा मृत्यू मोजणाऱ्या किती, हे ग्रंथपालाला स्वतः मोजू द्या. शेजारी २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली सिंगापूर-मलेशियाची चाचणी ठेवा: प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली उतरलेल्या प्रौढांना रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. आकडा वाढणं आणि रुग्णाचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही स्लाइडपेक्षा इथे लवकर उमजतं.

दोन ग्रंथपाल का, तर एकाचा शोध दुसऱ्याने तपासायला. प्रेस नावाची २०१५ची मार्गदर्शिका यासाठीच आहे. सहा गोष्टी बघायच्या: प्रश्न शोधात नीट उतरला का, बुलियन आणि जवळीक, विषयशीर्षकं, साधे शब्द, स्पेलिंग आणि ओळक्रमांक, मर्यादा आणि गाळण्या. अर्ध्या तासाचं काम. विभागातल्या पद्धतीत ही तपासणी नसेल तर सगळा डाव फसतो, कारण डॉक्टर शोध तपासत नाहीत. त्यांना निकाल दिसतो, सुटलेलं दिसत नाही. एक माणूस बारा आठवडे तीच चूक आत्मविश्वासाने करत राहू शकतो. कार्यशाळेत ती पहिल्या दिवशीच पकडली गेली असती, हे कबूल करायला हवं.

फसतं कुठे, तेही सांगतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणी काही विचारेनासं होतं. वाट बघू नका; केस मांडली जात असताना ‘बहुधा’, ‘आपल्याकडे असंच करतात’, ‘सर म्हणतात’ हे शब्द कानावर पडले की तिथे प्रश्न आहे असं समजून चिठ्ठीवर उतरवा, आणि शेवटी विचारा, ‘डॉक्टर, हे बघू का?’ नाही कुणी म्हणत नाही. दुसरी अडचण सिनॉप्सिसच्या, म्हणजे रेसिडेंटच्या प्रबंधाच्या आराखड्याच्या, हंगामात. ‘मॅडम, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर काढून द्या’ या मागण्या सुरू होतात आणि खुर्ची टायपिस्टची होते. त्यासाठी ग्रंथालयात वेगळा तास ठेवा, विभागात ते काम घेऊच नका. तिसरी अडचण उलट दिशेची: सात-आठ आठवड्यांनी ग्रंथपालाला चव लागते आणि उत्तराच्या पानावर ‘द्यावं’, ‘देऊ नये’ यायला लागतं. ते येऊ देऊ नका. काय सापडलं, किती भक्कम, कुठे शोधलं, कुठे शोधलं नाही, शोधाची तारीख. पान तिथे संपतं. निर्णय सही करणाऱ्याचा.

मोजायचं म्हटलं तर साधनं आहेत. फ्रेस्नो चाचणी २००३ पासून वापरात आहे, दोन रुग्णकथा, लेखी उत्तरं, २१२ गुण. मी ती लावलेली नाही, त्यामुळे माझं मत चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरून आहे, तेवढंच धरा. त्या गठ्ठ्यात मला दोन गोष्टी बदलताना दिसतात. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवर विचारणाऱ्याचे शब्द आणि शोधातले शब्द सारखेच असतात, शेवटच्यांवर नसतात. आणि तळाचा चौकोन सुरुवातीला कधी भरलेला नसतो, नंतर भरलेला असतो. कार्यशाळेहून आलेल्यांच्या बाबतीत पहिला बदल लवकर दिसतो, दुसरा जवळजवळ दिसतच नाही. तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

कार्यशाळा कुणी घ्यावी

तुमचं मुख्य काम सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला मदत करण्याचं असेल तर कार्यशाळाच घ्या, आणि तीही त्याच विषयाची. तिथे प्रश्न लेखकांनी ठरवलेला असतो, आपल्याला शब्दन् शब्द नोंदवलेला शोध द्यायचा असतो. २०२१च्या प्रिझ्मा-एस यादीत सोळा मुद्दे आहेत, आणि ते विभागात बसून शिकता येत नाहीत. ग्रंथालयात एकटाच प्रशिक्षित माणूस असेल तरीही कार्यशाळा बरी, कारण तपासणारा दुसरा नाही. महाविद्यालय नवीन असेल, विभागात रेसिडेंटच नसतील, तर खुर्ची टाकणार कुणाच्या शेजारी? आणि बी.लिब. करून नुकत्याच आलेल्याला मेश माहीत नसताना थेट विभागात पाठवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मुठेच्या पुरात सोडणं.

दोन्ही जमत असेल तर क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी चार आठवडे खुर्ची, मग कार्यशाळा, मग उरलेले आठ आठवडे. कार्यशाळेला जाताना खिशात न सुटलेल्या पाच-सहा चिठ्ठ्या असल्या की शिकवणाऱ्याने दिलेल्या गोष्टीवर समाधान होत नाही, आणि मधल्या सुट्टीत त्यालाच गाठून ‘एएसव्ही’चं विचारता येतं. उलट क्रमाने गेलं तर विभागातले पहिले तीन प्रश्न न सुटल्यावर माणूस आपल्यालाच काही येत नाही असं समजतो.

पैसे आणि वेळ एकाच गोष्टीपुरते असतील तर मी खुर्चीवरच लावेन. सुरुवात जूनच्या शेवटी करा. पावसाळ्यात साप, डेंगी, लेप्टो, कावीळ, प्रश्नांना तोटा नसतो आणि विभागाला तुमची गरज असते. पहिल्या आठवड्यात लॅपटॉप नेऊ नका. तो उघडला की रेसिडेंट ‘लगेच काढा ना’ म्हणतात आणि चिठ्ठीच्या चार ओळी कोऱ्या राहतात.